शेपटाखालची लोकर

— नाही, नाही, दादा, एवढ्यात सोडू नका मेंढ्याला. बांधा तिथंच खांबाला. नवरदेवाला म्हणावं जरा दम खा, अजून दोघीजणी राहिल्यात. ह्या मेंढीचं डोकं धरता का तेवढं? — हां, हनुवटीखाली हात घाला, म्हणजे गप उभी राहते. लोकर बघा, वीतभर लांब. वरून कशी गुबगुबीत दिसते, आणि आत हात घातला की कणा लागतो हाताला — म्हणून तीन आठवडे रोज ओंजळभर धान्य जास्तीचं देतेय सगळ्यांना. खुरं तासून झाली, दात बघून झाले, आता शेपटाखालचं एवढं कातरलं की झालं. सासूबाई म्हणायच्या, लांब लोकरीची मेंढी मागून मोकळी केल्याशिवाय मेंढ्याला दाखवायची नाही, नाहीतर तो बिचारा नुसता लोकरीशीच झुंजत बसतो.

गेल्या वर्षी? कातरली होती की. म्हणजे — कातरली असणारच, दरवर्षी कातरते मी. असं बघू नका माझ्याकडं. बरं, नव्हती कातरली. आठातल्या एकीचीही नाही. काय सांगू, लोकरच अशी आली होती त्या वर्षी — रस्त्यानं जाणारी माणसं कुंपणाशी थांबायची, आणि मी उगाच बादली घेऊन बाहेर यायची, कुणीतरी विचारावं म्हणून. कातर लावायचा जीवच होईना. म्हटलं, त्याचं तो बघून घेईल. आणि तुमच्या म्हाताऱ्या मेंढ्यानं कसूर केली नाही हो — चढल्याची खूण राहावी म्हणून त्याच्या छातीला फासलेला निळा रंग आठहीजणींच्या पुठ्ठ्यांवर उमटला होता, तुम्हीच बोलावून दाखवलात मला. पुढं एकही गाभण निघाली नाही, तेव्हा मी काय म्हटलं? तुम्हाला आठवणारच. मेंढा निकामी आहे म्हटलं. दुकानात म्हटलं, बस थांब्यावर म्हटलं, दवाखान्याच्या रांगेत म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडं.

थांबा, सोडू नका तिला, कातर आहे माझ्या हातात — एकदाचं बोलून टाकू द्या. उन्हाळ्याच्या तोंडाला लोकर उतरवली ना, तेव्हाच कळलं मला. शेपटाखाली लोकरीचा हा एवढा गठ्ठा, घट्ट बसलेला, माझी बोटंसुद्धा आत जाईनात. आठहीजणींचं तेच. वरून तुमच्या मेंढ्याचा निळा रंग थापलेला. त्यानं आणखी काय करायचं होतं? ते निळे गठ्ठे मी चुलीत घातले. आणि दादा — त्या दिवशी तुमचा मेंढा जिवंत होता. माझ्या बोलण्यामुळं कुणी बोलावत नव्हतं त्याला, तरी तुम्ही ठेवला होता. त्यानंतर नवव्या दिवशी खाटकाची गाडी तुमच्या दारात आली. तो गाडीत चढेना. तुम्ही त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होतात — मी खिडकीतून बघत होते. नुसता एक आवाज द्यायचा होता. मी पडदा ओढून घेतला. तेव्हा बोलायची लाज वाटली, आणि तेव्हापासून न बोलल्याची वाटतेय, रोज, तुमचं फाटक दिसलं की वाटते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं, आणि चोर खिडकीत उभा होता.

झाली ही, सोडा. शेवटची धरायला लागत नाही, माझ्या हातावर वाढलीय. नका, काही बोलू नका. हा नवा मेंढा इथं ठेवायचा तर ठेवा, न्यायचा तर न्या, दोर तुमच्या हाताशीच आहे. मी आपली कातरत बसते, वर बघत नाही. जाताना फाटक तेवढं लावून घ्या.