त्रिपोलीचं दार आन आमचे अप्पा

मी सोलापूरचीच. जल्मले हितं, वाडले हितं, दिली बी हितंच, एका पेठेतनं उचलली आन दुसऱ्या पेठेत ठेवली, परगाव म्हणून काय बगितलं आसंल तर आईचं माहेर मैंदर्गी, तेवडंच. आईला राग आला की तोंडातनं कानडी यायची, आन अप्पांना, म्हंजे माज्या वडलांना राग आला की ते बोलायचेच बंद व्हायचे, त्याचं भ्या जास्त. अप्पा सुतार, हातमाग दुरुस्त करायचे, आन गिरणीचा सांजचा भोंगा झाला की तालमीत वस्ताद. अक्षर एक येत न्हवतं पण पेठेत त्यांचा शब्द खाली पडत न्हवता.

आता माजं लगीन. काय सांगू तुमाला, या वयात बी लाज वाटती. आमच्यातलंच एक स्थळ आलं होतं, पोरगा सुतारकामात चांगला, गळा गोड, गणपतीच्या मेळ्यातल्या नाटकात कामं करायचा. नाव न्हाय घेत मी, आमचे मालकच ते, तवा अजून मालक झाले न्हवते. अंगानं मातुर काडी. अप्पांनी बगितलं आन म्हणाले, ह्याला तालमीत उबा केला तर वाऱ्यानं पडंल, माजी पोर न्हाय देत. झालं. मी आत पीठ मळत होते, त्या दिवशी भाकरी कुणालाच चावली न्हाय.

त्याच साली आमच्या मेळ्याच्या मास्तरांच्या डोक्यात एक खूळ आलं. मास्तर शाळंत इतिहास शिकवायचे. म्हणाले, शिवाजी म्हाराज सगळेच मेळे करतात, आपण सातासमुद्रापल्याडचं करू. कुठल्या तरी विंग्रजी पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, येशूच्या देवस्थानापायी लई वर्सांमागं फिरंगी सरदार फौजा घेऊन निगाले, त्यातला एक म्हातारा सरदार त्रिपोली म्हणून समुद्रकाठचं शहर घ्याला गेला. शहर मुसलमानांचं, मोटं श्रीमंत, तटबंदी भक्कम. घेता येईना. मग ह्या गड्यानं काय करावं, तर समोरच्या टेकडीवर आपला किल्ला बांदला आन वेढा घालून बसला वर्सानुवर्सं, आन सवताला म्हणवून घ्याचा त्रिपोलीचा धनी. आई हसून हसून लोळली, म्हणली, शहर हाताला न्हाय आन धनी कशाचा रं? पण बसल्या जागीच मेला बगा, जळतं छप्पर आंगावर आलं. मग फुडं त्याचा ल्योक जहाजं घेऊन आला, लाकडाचे बुरूज ढकलत तटाला भिडवले, तवा शहर शरण आलं आन तितं त्यांचं राज्य झालं.

म्हातारा सरदार मास्तर सवता झाले. ल्योक झाले आमचे मालक. आन शहराचा कारभारी कोण, तर अप्पा, कारण आवाज अख्ख्या पेठेत तसा कुणाचा न्हाय. तट गोणपाटाचा करायचा होता. अप्पा म्हणाले, माज्या शहराला गोणपाट? त्यांनी मागाच्या सागवानी फळ्या आणल्या, तट ठोकला, दार केलं, आतनं लोखंडी कडी घातली. मास्तर म्हणाले, वस्ताद, हे पाडायचं हाय हो. अप्पा म्हणाले, बगू की.

नाटकाच्या तालमीच्या येळेला काय झालं, मास्तर बोलता बोलता बोलून गेले की शरण आल्यावर कुणाला हात लावणार न्हाय असं वचन दिलं होतं, पण खलाशांनी ते मोडलं, शहर लुटलं, आन म्हणतात की तितं पुस्तकांचं मोटं भांडार होतं ते बी जाळलं. अप्पा गप झाले. घरी आले, जेवले न्हाईत. आईनं इचारलं तर म्हणाले, एवडी पुस्तकं जाळली? त्यांना वाचता येत न्हवतं ना, म्हणून जास्त लागलं आसंल. आईनं कानडीत सुम्मनिर्री, गप ऱ्हावा म्हणून सांगितलं, नाटक हाय ते. पण आमी वळकलं, हा माणूस आता काय ऐकत न्हाय.

खेळाच्या दिवशी ही गर्दी! समुद्र म्हंजे शेजारच्या पद्मशाली विणकरांचं निळं लुगडं, दोगं दोन टोकाला धरून हलवायले. तटाच्या आत टोपल्यांत शेंगालाडू ठेवलेले, लुटीचा माल म्हणून, आन खलाशी झालेली तालमीची पोरं दुपारपास्नं उपाशी ठेवलेली, का तर लूट खरी वाटावी. मास्तर टेकडीवर झ्याक मेले, लोकांनी टाळ्या दिल्या. मग मालक बांबूचा बुरूज ढकलत आले, तटाला भिडवला, तर तट जागचा हलंना, बुरूजच मोडून कलंडला. अप्पा वरनं गरजले, जा परत! गर्दीतनं आमच्या पेठेतले कापूस पिंजणारे पिंजारी चाचा वरडले, वस्ताद, दरवाजा खोलना नक्को! लोक निस्ते पेटले. पडदा पाडायचा तर दोरी मास्तरांच्या जवळ, आन मास्तर मेलेले. मेल्या जागेवरनंच ते कुजबुजायचे, वस्ताद, शरण या, शरण या. शेवटी उटूनच बसले आन म्हणाले, अहो वस्ताद, इतिहासात दार उगडलंय! अप्पा म्हणाले, मेलेल्यानं बोलू न्हाय.

आमचे मालक घामानं भिजलेले. मग त्यांनी तलवार खाली ठेवली आन मेळ्यातलं सगळं भाषण इसरून, आपल्या रोजच्या बोलीत म्हणाले, अप्पा, मास्तरांच्या पुस्तकाचं मी काय सांगत न्हाय, पण मी शब्द देतो, आत कुणाला शिवू देणार न्हाय.

अप्पा इचारात पडले. आन मला काय झालं ठावं न्हाय, बायकांच्या बाजूनं मी उबी ऱ्हाऊन वरडले, अप्पा, उगडा की आता! आईनं पदर वडून खाली बशिवलं. पण कडी वाजली.

दार उगडलं तशी खलाशी पोरं धावली लाडवांवर. आन आमचे मालक, ती काडी, दारात दोन्ही हात पसरून आडवे उबे. पोरांनी रेटलं, बुक्के घातले, टोपी गेली, दाढी गेली, नाकातनं रगत आलं, पण माणूस उंबऱ्यावरनं हलला न्हाय. शेवटी अप्पांनीच एकेकाला मानगुटीला धरून बाजूला काडलं, आन लाडू आपल्या हातानं सगळ्यांना वाटले, पिंजारी चाचांना दोन जादा. मास्तर कपाळ बडवीत म्हणत होते, असं घडलंच न्हाय हो! अप्पा म्हणाले, मग घडाया पायजे होतं.

दुसऱ्या दिशी सकाळीच अप्पा सवताहून मालकांच्या घरी गेले. बोलणं काय लांबलं न्हाय. दिवाळीनंतर लगीन लागलं, मंगलाष्टकं मास्तरांनी म्हणली, अप्पांकडं बगत बगत, जरा घाबरतच.

आता अप्पा न्हाईत, आई न्हाय, तालीम हाय पण माती सुकली. मालक हायेत की, ते बगा ओसरीवर, पोट बगितलं तर आता काडी कुणी म्हणायचं न्हाय. कानानं मातुर गेले. मी बोलते ते त्यांना ऐकू येत न्हाय, ते बोलतात ते मी ऐकत न्हाय, संसार लई ग्वाड चाललाय. तुमचा बी असाच होऊंद्या, पोरींनो. च्या निवला बगा, घ्या आदी.