अकरा मार्चची नोंद

पद्मजा: डॉक्टर, विमान मला पसंत आहे, हे मी तिसऱ्यांदा सांगतेय. ऑटोपायलट आहे, जीपीएस आहे, दोन रेडिओ आहेत, सीटसुद्धा नव्या आहेत. प्रश्न विमानाचा नाही, त्याच्या इंजिनिअरचा आहे.

श्यामसुंदर: जरा हळू, पद्मजाताई. दुकान एवढंसं, आणि ते समोरच बसलेत.

हुसेन: बोलू द्या, डॉक्टरसाहेब. बुधवार पेठेत गिऱ्हाईक हळू बोलायला लागलं की मलाच शंका येते. बसा बाई, खुर्चीवरचा तो मिक्सर खाली ठेवा. झालाय दुरुस्त.

पद्मजा: हुसेन तांबोळी तुम्हीच ना? यांच्या विमानाच्या लॉगबुकात पानापानावर तुमची सही आहे.

हुसेन: बारा वर्षं मीच बघत होतो ते.

पद्मजा: मग सहा वर्षांपूर्वीची, अकरा मार्चची ही नोंद? विमान शेडमध्ये ढकलताना इंजिनिअरच्या निष्काळजीपणामुळे नाकावरचा पंखा खांबावर आपटला. खाली सही तुमची.

हुसेन: माझीच.

पद्मजा: म्हणजे उभं विमान ज्याला धड ढकलता आलं नाही, त्यानेच पुढच्या महिन्यात इंजिन उघडून पुन्हा बसवलं. त्या सहीच्या भरवशावर मी माझ्या फ्लाइंग स्कूलची अठरा-एकोणीस वर्षांची पोरं यात बसवायची?

श्यामसुंदर: अहो, हुसेनभाईंसारखा काटेकोर माणूस नव्हता कुणाकडे. मी खात्री देतो.

पद्मजा: मग काय, खांब चालत आला?

श्यामसुंदर: तसं नाही. माणसाच्या हातून होतं एखादे वेळी.

हुसेन: होतं, बाई. लक्ष नव्हतं त्या दिवशी.

पद्मजा: आणि ढकलताना लागलं एवढ्यासाठी अख्खं इंजिन कशाला उघडलंत?

हुसेन: मनाची खात्री करून घेतली.

पद्मजा: तुमच्या मनाची खात्री मी माझ्या पोरांच्या आईबापांना कशी दाखवू? राग मानू नका, मी चौकशी करून आलेय. वर्षभर तुमचं लायसन्स काढून घेतलं होतं. त्यानंतर तुम्हाला कुठे कामावर घेतलं नाही. ज्यांनी तुम्हाला जवळून पाहिलं त्यांनाच भरवसा नाही, तर मी कशी ठेवू?

हुसेन: बरोबर आहे तुमचं. तुमच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं. चहा सांगू?

पद्मजा: नको. चला डॉक्टर, हा सौदा राहू दे.

श्यामसुंदर: थांबा.

पद्मजा: किंमत उतरवलीत तरी नको.

श्यामसुंदर: किमतीचं नाही बोलत मी. तिथे खांब नव्हता.

हुसेन: डॉक्टरसाहेब, जाऊ द्या ना.

श्यामसुंदर: किती जाऊ द्यायचं, हुसेनभाई? त्या तुम्हाला तोंडावर नालायक म्हणताहेत, तुम्ही त्यांना चहा विचारताय, आणि मी खाली मान घालून मिक्सरचं झाकण बघतोय. पद्मजाताई, विमान मी चालवत होतो. एकटाच होतो. एका साखर कारखान्याच्या धावपट्टीवर उतरताना नाकावर आपटलं आणि पंखा जमिनीला घासला. हे जीपने पुढे गेले होते. यांच्याशिवाय बघायला कोणी नव्हतं.

पद्मजा: मग ही नोंद?

श्यामसुंदर: मी लिहायला लावली. सर्जनने विमान नाकावर आपटलं, असं पेपरात आलं असतं तर माझ्यापुढे टेबलावर कोण झोपलं असतं? दवाखान्याचा नवा मजला चढत होता तेव्हा.

पद्मजा: आणि यांनी लिहिली?

श्यामसुंदर: दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मी मेहरुनवहिनींच्या ऑपरेशनची आठवण करून दिली. एक पैसा घेतला नव्हता मी त्याचा. तोवर मलासुद्धा वाटत होतं की ते मी चांगुलपणाने केलं.

हुसेन: चांगुलपणानेच केलं होतं तुम्ही. मेहरुन अजून दुआ मागते तुमच्यासाठी.

श्यामसुंदर: तेच ऐकवत नाही. सदाशिव पेठ ते बुधवार पेठ, दहा मिनिटांची वाट. पण सहा वर्षांत मी या गल्लीत पाऊल टाकलं नाही. दगडूशेठला जायचं तरी वळसा घालून जातो. विमान यंत्रासारखं यंत्र म्हणून विकून टाकावं, म्हणजे सुटलो, असं वाटलं होतं. लाज वाटते हो.

(पद्मजा लॉगबुक पुन्हा उघडते.)

पद्मजा: जमिनीला घासला, म्हणजे इंजिन चालू होतं. धक्का आतपर्यंत गेला असणार, म्हणून तुम्ही सगळं उघडलंत.

हुसेन: कागदावर खोटं लिहिलं, बाई. ते इंजिनात कसं ठेवणार?

पद्मजा: मघाशी मी फार बोलले. माफ करा.

हुसेन: तुम्ही जे वाचलंत, तेच बोललात.

पद्मजा: डॉक्टर, विमान मी घेते. ठरलेल्या किमतीला. पण इथून पुढे आपलं बोलणं वकिलामार्फत. मी गाडी बघून येते, नो-पार्किंगला लावलीये.

हुसेन: अभिनंदन, साहेब. लपवलंत तेव्हा दवाखाना वाचला. सांगितलंत तर विमान खपलं.

श्यामसुंदर: बोला. अजून बोला.

हुसेन: झालं माझं.

श्यामसुंदर: मी काय करू, ते तरी सांगा. तुम्हाला मोठं दुकान घेऊन देतो. लक्ष्मी रोडला.

हुसेन: आणखी एक उपकार? पहिलाच फार महाग पडला.

श्यामसुंदर: मग काय करू?

हुसेन: लॉगबुक इथेच ठेवून गेल्यात त्या. अकरा मार्चचं पान काढा.

श्यामसुंदर: फाडू?

हुसेन: फाडायचं नसतं. पांढरं फासायचंही नसतं. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं.

श्यामसुंदर: पेन द्या. ‘वैमानिकाच्या चुकीमुळे, उतरताना.’ बरोबर?

हुसेन: कोण वैमानिक?

श्यामसुंदर: लिहितो. ‘डॉक्टर श्यामसुंदर बेहेरे.’ ही सही. आणि तारीख? अकरा मार्चचीच घालू ना?

हुसेन: आजची घाला. किती वर्षं लागली, ते दिसू दे.