प्रश्न क्रमांक चार

पुरवणी जबाब. दिनांक १९, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

मी, खाली सही करणारी, वय ४७ वर्षे, धंदा घरगुती शिवणकाम, शिक्षण दहावी, राहणार बाजारामागची गल्ली, पिठाच्या गिरणीवरचा पहिला मजला, पक्षाच्या महिला शाखेची चिटणीस, आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. यजमान नऊ वर्षांपूर्वी वारले. पक्षाचे झेंडे व छातीवरच्या फिती बारा वर्षांपासून मीच शिवते. जखमी इसम हा माझा सख्खा थोरला भाऊ असून वय ६१, बस डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाला आहे. मी त्याला दादा म्हणते, म्हणून जबाबात तसेच लिहावे असे मी हवालदारसाहेबांना सांगितले. तो व वहिनी माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांना एकच मुलगा होता. तो लाइट फिटिंगची कामे करी. मागच्या वर्षी प्रांताध्यक्षांची आमच्या गावात सभा होती, तिच्या दोन दिवस आधी चौकातल्या खांबावर शॉक लागून तो जागीच गेला. वय २५. दादा पक्षाचा तीस वर्षांचा सभासद आहे. मला पक्षात त्यानेच आणले.

दिनांक १५ रोजी संध्याकाळी दवाखान्यात माझा पहिला जबाब झाला. त्यात मी ‘दादाचा पाय घसरला व तो जिन्यावरून पडला’ असे सांगितले होते. ते खोटे आहे. घडले ते असे.

१३ तारखेला दुपारी आमच्या शाखाप्रमुखांनी मला कार्यालयात बोलावले. ते पूर्वी शाळेत शिकवत, त्यामुळे सगळे त्यांना सर म्हणतात. १५ तारखेला टाउन हॉलमध्ये पक्षाची वार्षिक सभा होती. प्रांताध्यक्ष भाषण करणार आणि नंतर कार्यकर्त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणार, असे पत्रिकेत छापले होते. प्रश्न एकूण सात. सातही वरून लिहून आले होते आणि त्यांची उत्तरे प्रांताध्यक्षांकडे आधीच गेली होती. आमच्या शाखेच्या वाट्याला चार नंबरचा प्रश्न आला. तो असा: ‘तरुणांच्या भवितव्याबाबत पक्षाची भूमिका काय आहे?’

सर म्हणाले, “माणूस जुना हवा. दिसायला नीटनेटका हवा. आणि वाचताना अडखळायला नको.”

मी दादाचे नाव सांगितले. सर थोडा वेळ पेनाचे टोपण काढघाल करत बसले. मग म्हणाले, “त्यांना चालेल का?”

मी म्हणाले, “मी सांगितलं की ऐकेल.”

दादाचेच नाव का सुचवले, असे विचारल्यावरून सांगते की, मुलगा गेल्यापासून दादा घराबाहेर पडत नव्हता. मुलाची पक्कड, टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर मांडून दिवसभर पुसत बसायचा. वहिनी म्हणायची, पुसून पुसून मुठींचा रंग गेला. मला वाटले, चार माणसांत येईल, ओळखीचे भेटतील. प्रश्न कसला आहे याचा मी विचार केला नाही. केला असता तरी त्याचेच नाव दिले असते की काय, हे मला आज सांगता येत नाही.

त्याच दिवशी चिठ्ठी घेऊन मी दादाकडे गेले. त्याने चष्मा लावून ती वाचली.

“तरुणांच्या भवितव्याबाबत,” तो म्हणाला. “हे मी विचारू?”

“नुसतं वाचायचं रे दादा. उत्तर ते देतील.”

“देतील म्हणतेस?”

“तयारच आहे.”

त्याने चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने त्याचा पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

१५ तारखेला आम्ही साडेनऊला हॉलवर पोहोचलो. माणसे सुमारे आठशे. आम्हाला डावीकडून सहावी रांग मिळाली, मधल्या वाटेलगतची, कारण माइक तिथपर्यंत येणार होता. साडेदहाला सरचिटणीसांनी वार्षिक अहवाल वाचला. त्यात एक वाक्य होते की, ‘वर्षभरातील सर्व कार्यक्रम शिस्तीत व कोणतीही दुर्घटना न घडता पार पडले.’ दादा तोपर्यंत मागे टेकून बसला होता. तो पुढे सरकून बसला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

ह्या अहवालाबाबत माझे म्हणणे असे की, आमच्या शाखेचा भाग मी लिहून दिला होता. त्यात भाच्याविषयी सहा ओळी होत्या. सर म्हणाले होते, “पुढच्या वर्षी घेऊ ताई, सध्या नको.” मी ते पान काढून दुसरे लिहिले. दादाला हे माहीत नव्हते.

प्रांताध्यक्षांचे भाषण एक तास दहा मिनिटे चालले. मध्ये दादा माझ्या कानाशी म्हणाला, “गिअर पडत नाहीये, नुसती रेस देतोय.” मला हसू आले. वर्षभरात त्याने केलेली ती पहिली थट्टा. मला बरे वाटले.

सव्वाबाराच्या सुमारास प्रश्न सुरू झाले. पहिले तीन ठरल्याप्रमाणे झाले. प्रांताध्यक्षांच्या समोर कागद होता, एकेक उत्तर झाले की ते त्यावर खूण करीत. चौथ्याला दादाचे नाव पुकारले. तो उठला, माइक हातात घेतला. चिठ्ठी त्याने खिशातून काढलीच नाही. तो जे बोलला ते मला शब्दन् शब्द आठवते.

“साहेब, मी तीस वर्षं पक्षात आहे. आत्ता अहवालात वाचलं की वर्षभरात एकही दुर्घटना झाली नाही. मग माझा मुलगा तुमच्या सभेचे दिवे लावायला खांबावर चढला होता, त्याला चढ म्हणून कोणी सांगितलं? आणि लाइन चालू का होती? एवढंच विचारायचं आहे.”

प्रांताध्यक्षांनी कागदाकडे पाहिले. मग वर पाहून हसले व म्हणाले, “फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. तरुणांविषयीची तुमची तळमळ माझ्या काळजाला भिडली.” आणि त्यांनी तरुणांच्या भवितव्याबाबत उत्तर सुरू केले. प्रशिक्षण, रोजगार, खेळाची मैदाने. सात-आठ मिनिटे बोलले. दादा उभाच होता. उत्तर संपल्यावर टाळ्या झाल्या. माझ्या हाताने टाळी वाजली काय, असे हवालदारसाहेबांनी विचारले नाही, पण मी सांगते की वाजली.

टाळ्या थांबल्यावर दादा म्हणाला, “साहेब, मी हे विचारलं नाही.”

प्रांताध्यक्षांनी कागदावर खूण केली व पाच नंबरला पुकारायला सांगितले. दादा पुन्हा म्हणाला, “मी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय?” तेवढ्यात त्याचा माइक बंद झाला. बिनमाइकचा त्याचा आवाज मागच्या रांगांपर्यंत जात नव्हता, तरी तो बोलत राहिला. मागून कोणीतरी “बसा हो काका” म्हणाले. सर घाईने आमच्या रांगेत आले. त्यांनी दुसरा माइक माझ्या हातात दिला व म्हणाले, “ताई, सांभाळा. तुमचाच भाऊ आहे.”

मी उभी राहिले व माइकवर म्हणाले, “साहेब, माफ करा. मुलगा गेल्यापासून त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. काय बोलतात ते त्यांचं त्यांना कळत नाही.”

हे वाक्य मला कोणी लिहून दिले नव्हते.

लोक हळहळले. प्रांताध्यक्ष म्हणाले, “त्यांची काळजी घ्या, त्यांना मोकळ्या हवेत न्या.” दादा माझ्याकडे पाहत होता. मग त्याने हातातला बंद माइक खुर्चीवर ठेवला, आडवा, नीट, गडगडून खाली पडू नये असा.

दोघा स्वयंसेवकांनी त्याला दंडाला धरून व्यासपीठाच्या बाजूच्या दाराने नेले. मी मागोमाग गेले. एक स्वयंसेवक दाराच्या आतच थांबला. दाराबाहेर मागच्या अंगणात उतरणारा लोखंडी जिना आहे, पायऱ्या अकरा. मी मोजून आले आहे. वरच्या पायरीवर दादा, मी आणि सरांच्या गाडीचा ड्रायव्हर, जो त्या दिवशी स्वयंसेवक होता, असे तिघेच होतो. दादा म्हणाला, “मला परत आत जायचंय. माझं विचारून झालेलं नाही.” ड्रायव्हर म्हणाला, “काका, तमाशा पुरे.” दादाने दाराच्या कडीला हात घातला. तेव्हा ड्रायव्हरने दोन्ही तळहात त्याच्या छातीवर ठेवून ढकलले. दादा मागच्या मागे गेला व थेट खाली फरशीवर पडला. आत पाच नंबरचे उत्तर चालू होते. भिंतीतून टाळ्या ऐकू आल्या. ड्रायव्हर पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, “आत्या, मी काही मुद्दाम नाही केलं.” तो मला आत्या म्हणतो, कारण भाचा आणि तो एका वर्गात होते.

दादाच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले आहे. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे तो काठीशिवाय चालेल असे वाटत नाही.

१७ तारखेला सकाळी प्रांताध्यक्ष दवाखान्यात आले. सोबत सर, फोटोवाले व फुलांचा गुच्छ. मला दादाच्या उशाशी उभे केले. प्रांताध्यक्ष फोटोवाल्यांना म्हणाले, “आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्याचा पाय घसरला, पक्ष त्यांच्या पाठीशी उभा आहे.” मग दादाच्या हातावर हात ठेवून म्हणाले, “काही लागलं तर हक्काने सांगा.”

दादा म्हणाला, “उत्तर लागतंय.”

प्रांताध्यक्ष मोठ्याने हसले. “बघा,” ते म्हणाले, “अजून तोच उत्साह!” सगळे हसले. गुच्छ पायथ्याशी ठेवून ते गेले. जाता जाता बाहेर सर मला म्हणाले की, जिल्ह्याच्या महिला आघाडीसाठी माझे नाव वर गेले आहे. त्या पदाची मी बरीच वर्षे वाट पाहत होते. मी “बरं” म्हणाले.

त्यानंतर नर्स औषधाचा कागद घेऊन आली. तिने दादाला विचारले, “ह्या तुमच्या कोण?” दादा म्हणाला, “पक्षाच्या आहेत.” नर्स म्हणाली, “नातेवाईक कोणी नाही का?” तो म्हणाला, “बायको आहे. चारला येईल.” मी तिथेच उभी होते.

चारला वहिनी आली. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवून दादा नर्सला काय म्हणाला ते सांगितले व मला रडू आले. वहिनी म्हणाली, “त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय ना? मग त्यांच्या बोलण्याचं काय मनाला लावून घेता?” आणि डबा घेऊन आत गेली.

आणखी एक गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. मागच्या वर्षी भाचा गेला त्या दुपारी मी शाखा कार्यालयात फिती शिवत बसले होते. सर पलीकडच्या टेबलावर होते. साडेतीनच्या आसपास भाच्याचा त्यांना फोन आला. सरांचे बोलणे मी ऐकले, ते असे: “लाइन बंद करायला सांगितलंय मी. झाली असेल रे. साहेब परवा येतायत, तू चढ.” फोन ठेवल्यावर सरांनी लाइन बंद झाली की नाही हे विचारायला कोणालाही फोन केला नाही. ते वर्तमानपत्र वाचू लागले. मीही मशीन थांबवले नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी चौकातून माणूस धावत आला. संध्याकाळी सर मला म्हणाले, “तो स्वतःच्या कुठल्यातरी कामासाठी चढला होता, हो ना ताई?” मी मान हलवली. म्हणजे दादाने सभेत जे विचारले, त्याचे उत्तर हॉलमध्ये दोघांना ठाऊक होते. सरांना आणि मला. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

पहिला जबाब देताना कोणी धमकी दिली होती का, दबाव आणला होता का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी “कसे पडले?” एवढेच विचारले. सर तोवर पोहोचलेही नव्हते. मी आपण होऊन “पाय घसरला” म्हणाले. मग पोलीस आले तेव्हा तेच पुन्हा सांगितले.

आता खरे सांगण्याचे कारण काय, असे विचारल्यावरून सांगते की, कारण मला नीट सांगता येत नाही. काल दिवसभर मी जिल्ह्याच्या मेळाव्याचे झेंडे कापत होते. दीडशे कापून झाले. ते तसेच घरी पडले आहेत. सकाळी उठले व इकडे आले. दादाने मला यायला सांगितलेले नाही. तो माझ्याशी बोलत नाही.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. जिन्याच्या ठिकाणी ‘झटापटीत तोल जाऊन पडले’ असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून ‘ढकलले’ असे केले असून खोडल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व मी बोलले तसेच उतरले आहे व ते खरे आहे. ह्या जबाबाची एक प्रत माझ्या भावाला वाचायला द्यावी, अशी मी विनंती केली. तशी पद्धत नाही, असे मला सांगण्यात आले.