विमानाला फक्त सव्वा तास

...आणि वर मलाच विचारतात, "निघायला उशीर झाला का?" अहो, तुम्हाला सांगतो, अंधारात निघालो होतो मी! सख्ख्या भाचीचं, सायलीचं, पुण्याला लग्न, मी तिचा एकुलता एक मामा, मुहूर्त दुपारचा, आणि मुलीला मंडपात आणायचं कोणी? मामाने! म्हणून बातमीदाराच्या सवयीने दोन वेबसाइटवर खात्री करून घेतली. हैदराबाद ते पुणे, हवेतून पाचशे किलोमीटर, विमानाला फक्त सव्वा तास. माझी बायको उषा आणि तिचा भाऊ हिम्मतराव आदल्या संध्याकाळीच बसने निघाले, चिवड्याचा डबा आणि फुगवायची उशी घेऊन. मी हसलो. म्हटलं, रात्रभर हाडं खिळखिळी करून घ्या, मी सकाळी येतो.

आता त्या वेबसाइटवाल्याला विचारा, बाबा रे, मी काय धावपट्टीवर राहतो? सुलतान बाजारातल्या घरातून शमशाबादचा विमानतळ गाठेपर्यंत टॅक्सीवाला तीनदा म्हणाला, "परेशान नक्को होओ साब." तिथे पट्टा काढा, बूट काढा, आणि आहेराची पितळी समई पिशवीत, ती यंत्रात दिसली! "ये क्या है?" म्हटलं, दिवा आहे. "तेल किधर है?" म्हटलं, तेल पुण्यात. झालं, चार जण समई उलटीपालटी करून बघतायत, वाद घातला म्हणून आणखी एक साहेब आला... पण विमानाला फक्त सव्वा तास!

मग विमान उशिरा. का? कंपनीचं नाव घेत नाही, वकील महाग झालेत. मंत्र्यांना घाम फोडलाय मी, पण काउंटरवरच्या त्या मुलीपुढे हरलो. काहीही विचारा, "सर, थोडं सहकार्य करा." अहो, सहकार्य करून करून मुहूर्त आला जवळ!

शेवटी उडालो. आणि खरं सांगतो, सव्वा तासच लागला. खोटं कशाला बोलू? पुण्यात उतरलो आणि दार उघडेना. शिडी यायची होती म्हणे. सगळे माना वाकड्या करून उभे, तेवढ्यात धाकट्या भाचीचा, केतकीचा व्हिडिओ कॉल. फोनमधून गुरुजींचा माइक, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं..."

मी तिथूनच ओरडलो, "आलो!"

हवाईसुंदरी म्हणाली, "सर, बसून घ्या."

बसलो. बसून काय पाहिलं? सायलीचा हात धरून, फेटा बांधून, ताजातवाना निघालाय कोण, तर हिम्मतराव! नात्याने कोण? मामीचा भाऊ! मी पोचलो तेव्हा पंगतीत मठ्ठा वाढत होते. सायलीने नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "मामा, मी वळून बघत होते हो." मी समई पुढे केली.

आता धाकटीचं लग्न ठरलंय. परवा माझी बहीण सुशीला फोनवर म्हणाली, "दादा, तू खुशाल विमानाने ये. हिम्मतरावांना फक्त आदल्या दिवशी बसमध्ये बसवून दे."