लाईट गेली की उभं राहायचं

गाव पारोळ्याच्या बाजूचं, पण आता कुणी गाव विचारलं तर तोंडातून सुरतेचं लिंबायतच निघतं, कारण लग्न झालं आणि विमलला घेऊन सुरतेला आलो तो इथलाच झालो. मी खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, साचे चालवतो, साचे म्हणजे यंत्रमाग, आणि ती तिथेच बॉबिन भरते. काय सांगू तुम्हाला, त्या खडखडाटात तिचे कान लवकर गेले, माझे सावकाश जाताहेत. पहिल्याच दिवशी तिला एक गोष्ट शिकवली होती, लाईट गेली की जिथे असशील तिथेच उभी राहा, अंधारात चाचपडत निघालीस आणि लाईट आली तर साचे एकदम सुरू होतात, पदर कुठल्या पट्ट्यात जाईल सांगता येत नाही.

तर केदारनाथची यात्रा. ती घडली खात्याच्या शेठच्या कृपेनं. शेठनी नवीन खातं घातलं आणि जुन्या कारागिरांना बस करून नेलं. सगळ्यांना भगव्या टोप्या, टोपीवर देवाचं नाव बारीक आणि शेठच्या साड्यांचं ठसठशीत, सोबत व्हिडिओवाला. शेठ स्वतः डोलीत, नेपाळ्यांच्या खांद्यावर, आणि वळणावळणावर आम्हाला सांगायचे, चालो भाई, चालत जाण्याचं पुण्य वेगळंच. विमल म्हणाली, मग ह्यांना कोणी उतरवत का नाही?

पण मजा वाटत होती हो. खाली नदी, वर बर्फ, आणि कानात साचे चालूच, त्यांच्या तालावर पाय पडत होते, वाटायचं आपण झोपेतच चालतोय. विमल बुटाची नाडी बांधायला थांबली, मी तंद्रीत पुढे गेलो, आणि धुकं आलं. आलं म्हणजे काय, माझेच हात मला दिसेनात. विमल, विमल, ओरडलो, पण तिला ऐकू कुठलं येणार, आणि एका अंगाला नुसती दरी. मागून आमचा मुकादम आला, म्हणे वहिनी पुढे गेल्या असतील, चल, दर्शन बंद होईल. पाय निघत होते, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, हे तर लाईट गेल्यासारखंच झालं. ती हलणार नाही. मी हललो तर चुकामूक. मुकादम मला वेडा म्हणून पुढे गेला. मी थांबलो. घोड्यांच्या घंटा यायच्या, जायच्या, सगळं पांढरं, आणि मी देवाला काही मागितलं नाही, फक्त म्हणत होतो, विमल, हलू नको, हलू नको.

धुकं विरलं तर ती खालच्याच वळणावर, कड्याला पाठ लावून, पदर कमरेला घट्ट खोचून, खात्यात उभी राहते तशी. मला बघून म्हणते, उनी का लाईट? आली का, असं. मी म्हटलं, उनी, उनी.

वर पोहोचलो तर दरवाजे बंद. बाहेरून हात जोडले, त्याच पावली बससाठी उतरलो. शेठच्या कॅसेटमध्ये सगळे आहेत, आम्ही दोघं नाही. लोक म्हणतात, तुमची यात्रा फुकट गेली. जाऊ दे.

आजही खात्यात लाईट जाते. सगळं एकदम गप्प होतं, पत्र्याच्या फटीतून उजेडाची तिरीप येते, त्यात धूळ तरंगते, आणि पलीकडे, मला न दिसणाऱ्या जागी, विमल उभी असते. मीही उभा राहतो. लाईट येईल तेव्हा येवो बापडी.