ह्यांचा बोळ

बनुबाईची कडब्याची गंजी जळाल्याचं मला कळलं, त्या दिवशी मी सांगलीच्या एस.टी. स्टँडवर रांगेत होतो. माझ्यापुढे बनुबाई होती आणि तिच्यापुढे जयपाल. नगरपालिकेसाठी आणि बंबवाल्यांसाठी नकाशे काढणाऱ्या विश्रामबागेतल्या छोट्या कंपनीत तो होता.

“आरं जयपाल, बंब कुटं फिरत हुता? बैल वाचला ह्येच लय झालं!”

“फोनवर शेजाऱ्यांनी बोळाचं खरं नाव सांगितलं, मावशी, पण ते नकाशात सापडेना. तिथं ‘ह्यांचा बोळ’ लिहिलंय.”

“असलं कुनी लिवलं?”

“मीच. बोळ कुणाचा विचारलं, तर तुमी म्हणालात, ‘आमच्या ह्यांचा.’”

“मग काय, परक्या मानसापुढं मालकाचं नाव घिऊ व्हय?”

“आवं, पुन्हा आग लागली तर?”

बनुबाईनं पदर सावरला.

“उखाणा घेती. नीट ऐक.
कृष्णाकाठचा ऊस, त्याला आला तुरा,
नाथाजीरावांचा बोळ आता नकाशात भरा!”

सगळी रांग हसली. माझी बायको जाऊन महिना झाला होता, तरी घरी जाऊन तिला हे सांगायचं, असं मनात आलं.

हसण्यातच साताऱ्याची गाडी लागली आणि जयपाल चढला. नकाशात नाथाजीचं नाव लिहायचं अजून राहिलं आहे.