छत्रीच्या टेम्पोतून गेलेली मतं

...आणि वर मलाच विचारतात, काका, तुम्हाला आधी कळलं कसं नाही? तुम्हाला सांगतो, साल एकोणीसशे त्र्याण्णव, ऐन हिवाळा, सकाळी टेम्पो सुरू करायचा तर आधी त्याची मनधरणी करावी लागायची, अशा थंडीत निवडणूक लावली. लावणाऱ्याचं काय जातं, तो पांघरुणात.

आमचा जिल्हा कसा, ते आधी ऐका. मधून नदी. पलीकडे दुकानदार, ते सगळे पतंग चिन्हाचे. अलीकडे आम्ही कागदगिरणीचे कामगार, सगळे छत्रीचे. डोंगराकडची गावं वारा येईल तशी. पण आमची गल्ली... गल्ली म्हणजे जिल्ह्याची नाडी. गल्लीत छत्री, तर जिल्ह्यात छत्री. पेपरवाले विचारायला यायचे, आणि विचारायचे कुणाला? मला. शिक्षण बेताचं, पण कोणत्या घराचं मत कुठे, ते तोंडपाठ. कसं? त्यात काय एवढं, दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "छत्रीच ना?" आतून आवाज, "हो काका." झालं. माझ्यासमोर खोटं बोलायची छाती आहे कुणाची?

आता आमचे व्याही. सूनबाईचे वडील. पुलापलीकडे केस कापायचं दुकान, आणि पक्के पतंगवाले. माणूस गोड, इतका गोड की राग यावा. आमच्या गल्लीतलंही गिऱ्हाईक बोलत असतं आणि हे वस्तरा फिरवत नुसते "हं... हं..." करतात. एक दिवस मला म्हणाले, "व्याहीबुवा, यंदा तुमची गल्ली फिरली बरं का."

डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "गल्ली फिरली, तर पतंगाची मिरवणूक माझ्या टेम्पोतून काढीन, गाडी मी स्वतः चालवीन."

"अहो, कशाला..."

"आणि नाही फिरली, तर तुम्ही छत्री उघडून आमच्या गल्लीतून चालायचं. ऊन असो, नसो."

टेम्पोवर दोन्ही बाजूंना छत्री मी माझ्या हातानं रंगवलेली. त्यावर पतंग लागणं म्हणजे... जाऊ द्या.

मतदानाच्या दिवशी उजाडल्यापासून फेऱ्या. म्हातारीकोतारी, गिरणीतला जुना फोरमन काठी सावरत, शिंपीण कडेवर पोर घेऊन, सगळ्यांना हात देऊन चढवलं. सूनबाईही शाल घेऊन निघाली होती. म्हटलं, "तुझं माहेर पतंगाचं. तू चालत जा." गेली बिचारी चालत.

टेम्पोत विचारलं, "छत्रीच ना?"

"हो काका." सगळे एका सुरात, शाळेत पाढे म्हणावेत तसे.

शिंपीण म्हणाली, "काका, ते छत्रीवाल्यांनी आपला दवाखाना पलीकडे हलवला ना, तर माझ्या बाळंतपणात पुलावर किती..."

"मी पोचवलं की नाही तुला?"

"पोचवलंत की."

"मग छत्रीच ना?"

"हो काका."

बघा आता. माझ्यासमोर खोटं बोलायची छाती आहे कुणाची?

मोजणी झाली. कारकुनानं आमच्या गल्लीचा आकडा वाचला. पतंग चारशेवर. छत्री दोन. म्हटलं, पुन्हा वाच. त्यानं पुन्हा वाचलं, मोठ्यानं वाचलं, पण दोन ते दोनच. जिल्हाही गल्लीमागून गेला. म्हणजे टेम्पो माझा, डिझेल माझं, छत्री माझ्या हातची, आणि आत बसून गेली काय? पतंगाची मतं. आणि मी त्यांना उतरताना सांगतोय, जपून, पायरी आहे.

घरी आलो. दोनातलं एक माझं, दुसरं हिचं. बायकोला म्हटलं, "चला, तू तरी राहिलीस."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अहो, ते माझं नाही."

"नाही म्हणजे?"

"गुडघ्यासाठी दर आठवड्याला पूल ओलांडते मी. पतंगवाले म्हणाले, दवाखाना परत आणू. दिलं मत."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही 'छत्रीच ना' म्हणालात."

आता बोला. मग दुसरं मत कुणाचं? तर दारातून सूनबाई हळूच म्हणते, "मामंजी, ते माझं."

"तुझं? अगं, तुझे वडील..."

"बाबांनीच सांगितलं होतं, गल्लीत सगळे पतंगाला देणार आहेत. म्हटलं, मामंजी अगदीच एकटे पडतील."

चालत पाठवलं होतं हो मी तिला. अख्ख्या गल्लीत माझ्यासमोर खरं बोलायची छाती होती कुणाची? सूनबाईची.

दुसऱ्या दिवशी टेम्पो काढला. व्याही धावत आले, "व्याहीबुवा, गंमत होती ती, राहू द्या."

म्हटलं, "चढा."

टपावर पतंग बांधला, बाजूला माझ्या छत्र्या तशाच. मागे व्याही गळ्यात हार घालून उभे, आणि त्यांच्याभोवती तीच माणसं, फोरमन काठी उंचावून नाचतोय, शिंपीण पोराला नाचवतेय, सगळी म्हणतात कशी, "काका, जरा हळू घ्या." घेतलं हळू. सूनबाईला पुढे बसवलं, माझ्या शेजारी. पुलापर्यंत गेलो, वळलो, परत आलो.

पैज फिटली.